गलबताचें बूड व त्याची निगा

शिडाचें गलबत समुद्रांतून चाललेलें दिसलें म्हणजे पाहणाराची दृष्टि प्रथम शिडाकडे जाते, नंतर डोलकाठीकडे, आणि मग नाळेवर रंगविलेल्या नांवाकडे. चित्रकलेच्या तासाला आमचे विद्यार्थी गलबत काढतात तेंही असेंच. शीड, डोलकाठी, निशाण, सर्व कांहीं रेखीव. आणि खालीं निळ्या पाण्याची एक आडवी पट्टी ओढली कीं चित्र पुरें झालें. त्या पट्टीखालीं काय आहे हें कोणी काढीत नाहीं व कोणी विचारीतही नाहीं. परंतु गलबत तरतें तें त्या पट्टीखालच्या भागावर, व बुडतें तेंही पुष्कळदां त्याच भागाच्या दोषानें. यास्तव त्या न दिसणाऱ्या भागाची निगा कशी राखावी लागते, व ती राखतांना माणसानें योजिलेल्या प्रत्येक उपायांतून नवीन अडचण कशी उभी राहिली, याविषयीं चार गोष्टी येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमच्या शाळेंत किनाऱ्यावरील गांवांतून येणारीं मुलें बरींच आहेत. त्यांच्या वडिलांनीं मुलांस जवळ बसवून, आमच्याकडून सांगावयाचें राहिलें असेल तें पदरचें सांगावें अशी विनंति आहे.

नोहाच्या तारवाची हकीकत पवित्र शास्त्रांतून सर्वांस परिचित आहे. तारवाची लांबीरुंदी सांगतांनाच तें आंतून व बाहेरून डांबरून घ्यावें अशी स्पष्ट आज्ञा नोहास झाली होती. प्राण्यांच्या जोड्या मुलांच्या ध्यानांत राहतात. डांबर राहत नाहीं.

लाटा आणि खडक यांची भीति सर्वांस वाटते. पण शांत बंदरांत नांगरून उभ्या असलेल्या गलबतासही शत्रु असतात, आणि ते सर्व सजीव आहेत. बूड पाण्यांत गेल्यावर थोड्याच दिवसांत त्यावर बुळबुळीत साय धरते. ही साय सूक्ष्म जंतूंची व तशाच सूक्ष्म वनस्पतींची असते. तिच्यावर शेवाळ वाढतें, आणि शेवाळाबरोबर बार्नॅकल येतात. खडकांवरून अनवाणी चालतांना तळव्यास जीं पांढरीं, खरखरीत, लहानशा ज्वालामुखीच्या आकाराचीं कवचें बोंचतात, तींच हीं. दिसण्यांत हा प्राणी शिंपल्यासारखा असला तरी त्या कुळांतला नव्हे. तो कुर्ल्या व कोळंबी यांचा आप्त आहे. बाल्यावस्थेंत तो पाण्यांत पोहत असतो. पुढें सोयीची जागा सांपडली म्हणजे डोक्याच्या बाजूनें तेथें चिकटतो, स्वतःभोंवतीं चुन्याचें घर बांधतो, आणि उरलेलें सर्व आयुष्य डोकें खालीं व पाय वर अशा स्थितींत, पायांनींच अन्न तोंडाकडे ओढीत घालवितो. चार्लस डार्विन यांनीं इ. स. १८४६ पासून १८५४ पर्यंत सुमारें आठ वर्षें या एका वर्गाच्या प्राण्यांचा अभ्यास केला. तेवढ्यावरून या क्षुद्र दिसणाऱ्या जीवाची योग्यता कळून येईल.

बार्नॅकल गलबत बुडवीत नाहीं, त्याची चाल मारतो. गुळगुळीत बूड पाणी कापीत जातें. खरखरीत बूड पाण्यास आपल्याबरोबर फरफटत नेतें. वारा तोच, शीड तेंच, पण गलबत मागें पडतें, सुकाणूं जड होतें, व वाऱ्याच्या तोंडावर तिरपें चढणें कठीण होऊन बसतें. पूर्वींच्या लांबच्या सफरींत दिवस वाढले म्हणजे पिण्याचें पाणी व अन्न पुरत नसे. तेव्हां हा प्रश्न केवळ वेगाचा नव्हता.

खरा घातकी शत्रु निराळाच आहे. टेरेडो नांवाचा हा प्राणी लांब, मऊ व पांढरट असून दिसण्यांत अळीसारखा असतो, म्हणून खलाशी त्यास किडा म्हणतात. वस्तुतः तो तिसऱ्या व कालवें यांच्या जातीचा, दोन शिंपांचा प्राणी आहे. कालवाच्या शिंपा त्याचें सर्व शरीर झांकतात. याच्या शिंपा मात्र शरीराच्या एका टोंकाशीं तेवढ्या उरल्या आहेत, व त्यांचा उपयोग तो कानशीसारखा करतो. याचें पिल्लूं टांचणीच्या डोक्याएवढेंही नसतें. तें लांकडास टेंकतें, आपल्यापुरतें सूक्ष्म छिद्र पाडतें व आंत शिरतें. पुढें तें आंतच वाढतें. बाहेरचें छिद्र मात्र जवळजवळ तेवढेंच राहतें. आंतल्या आंत लांकडाच्या रेषांच्या दिशेनें तें बोगदा खोदीत जातें, बोगद्यास चुन्याचें अस्तर देतें, आणि शेजाऱ्याचा बोगदा जवळ आला कीं वळून दुसरी वाट धरतें. एका फळींत शेंकडों किडे असले तरी सहसा एकाचा मार्ग दुसऱ्याच्या मार्गास छेदीत नाहीं. परिणाम असा होतो कीं फळी बाहेरून अखंड दिसते आणि आंतून मधाच्या पोळ्यासारखी झालेली असते. हातोडीनें ठोकून पाहिलें असतां येणाऱ्या पोकळ आवाजावरूनच अनुभवी सुतारास संशय येतो.

कोलंबसाची चौथी सफर या किड्यानें संपविली. इ. स. १५०२ मध्यें तो चार जहाजें घेऊन निघाला. पुढील वर्षाच्या जूनपर्यंत त्यांतील दोनच उरलीं, व त्यांच्याही बुडाची चाळण झाली होती. रात्रंदिवस पाणी उपसूनही तें आवरेना, तेव्हां जमेका बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर तीं दोन्ही जहाजें त्यानें वाळूंत घालून दिलीं, व सुटका होईपर्यंत सुमारें एक वर्ष आपल्या माणसांसह तेथेंच अडकून पडला. अटलांटिक महासागर अनेक वेळां ओलांडणाऱ्या पुरुषास एका मऊ अंगाच्या प्राण्यानें जमिनीवर बसविलें.

(याच किड्याची खोदण्याची रीत पाहून मार्क ब्रुनेल यांस थेम्स नदीखालीं बोगदा खणण्याचें यंत्र सुचलें असें सांगतात. तो बोगदा १८४३ सालीं लोकांस खुला झाला. शत्रूकडूनही शिकतां येतें तें असें.)

टेरेडोस गोडें पाणी सोसत नाहीं, आणि पाण्याबाहेरही तो फार काळ जगत नाहीं. पण त्याची एक युक्ति आहे. बोगद्याच्या तोंडाशीं त्याच्यापाशीं दोन चिमुकलीं झांकणें असतात. बाहेरची परिस्थिति प्रतिकूल झाली कीं तो तीं लावून घेतो, आणि आंत कित्येक दिवस, कधीं कधीं आठवडेच्या आठवडे, तग धरतो. म्हणून होडी एक दिवस उन्हांत ठेवली किंवा एक भरतीभर नदींत नेली, तर त्याचें कांहींच बिघडत नाहीं. त्याला मारावयाचें तर महिना दोन महिने चिकाटी पाहिजे.

ही चिकाटी आमच्या कोंकणास पावसाळ्यानें लावली. ज्येष्ठांत समुद्र खवळण्यापूर्वीं अमावास्यापौर्णिमेच्या उधाणावर होड्या व मचवे किनाऱ्यावर उंच ओढून घ्यावयाचे, झावळ्यांनीं शाकारून ठेवावयाचे, व श्रावणांत नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ वाहिल्यावर पुन्हां लोटावयाचे, असा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला. वसईउत्तनकडील ख्रिस्ती कोळी बांधव याच सुमारास आपल्या होड्यांसाठीं धर्मगुरूंकडून आशीर्वादाची प्रार्थना करवितात. जीं मोठीं गलबतें ओढतां येत नसत तीं खाडींत आंतवर नेऊन ठेवण्यांत येत. पावसाळ्यांत खाडीस वरून नदीचें गोडें पाणी लोटतें, त्यामुळें बुडांतील किडा आपोआप मरत असे. माशांच्या विणीच्या काळांत मासेमारी बंद राहावी म्हणून आज जून व जुलै या महिन्यांत सरकारी मनाई असते. हेतु निराळा असला तरी तीच विश्रांति बुडाच्याही कामीं येते.

किनाऱ्यावर आलेल्या होडीची शुश्रूषा हें घरच्या सर्वांचें काम असे. प्रथम शेवाळ व बार्नॅकल ओले असतांनाच खरवडून काढावयाचे, कारण वाळल्यावर ते दगडासारखे होतात. मग सुकलेल्या झावळ्या पेटवून त्यांच्या जाळानें बूड हलकेंच शेकावयाचें. यानें राहिलेले जीव मरतात आणि लांकडाचा ओलावा जातो. फळ्यांमधील फटींतला जुना कापूस काढून नवा ठासावयाचा, वर राळ व तेल भरावयाचें, आणि शेवटीं चुना, राळ व तेल एकत्र खलून केलेला जाड लेप सर्व बुडास द्यावयाचा. कोठें मुशी माशाच्या यकृताचें तेल, तर कोठें काजूच्या टरफलांचें काळें, अंग भाजणारें तेल वापरीत. गलबताच्या कण्यास, ज्यास आमचे खलाशी पठाण म्हणतात, सर्वांत अधिक जपावें लागे. फळी बदलतां येते, पठाण बदलणें म्हणजे नवें गलबत बांधणें होय. हा लेप वर्षभरच टिके. दरवर्षीं तोच खर्च व तेच श्रम. परंतु दरवर्षीं बुडाच्या प्रत्येक वितीवरून माणसाचा हात फिरे, आणि आमच्या मतें लेपापेक्षां या हात फिरण्यानेंच अधिक गलबतें वांचलीं असावीं.

जें जहाज वाळूवर ओढतां येत नाहीं त्याचें काय करावें? विजयदुर्गाजवळ गिर्ये येथें खडक खोदून केलेली गोदी आहे. ती आंग्र्यांच्या काळची म्हणून सांगतात. भरतीस जहाज आंत घ्यावें व ओहोटीस त्याचें बूड उघडें पडावें हें तिचें तत्त्व. मुंबईस १७५० सालीं सुकी गोदी बांधण्यांत आली. दरवाजे लावून पाणी बाहेर काढलें कीं प्रचंड जहाजाच्याही बुडाखालून माणूस चालत जाऊं शके. लवजी नसरवानजी वाडिया या पारशी गृहस्थांस सुरतेहून जहाजबांधणीसाठीं आणिलें होतें. त्यांच्या कुटुंबानें ही गोदी पिढ्यान् पिढ्या गाजविली. तेथें मलबारी सागाचें बांधलेलें 'त्रिंकोमाली' हें जहाज १८१७ सालीं पाण्यांत गेलें, व आज दोनशें वर्षांनंतरही तें इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे.

गोदी जवळ नसे तेथें जहाज उभ्या पाण्यांतच एका कुशीवर कलंडवून दुसऱ्या कुशीचें बूड वर आणीत. ही रीत किती धोक्याची होती हें 'रॉयल जॉर्ज' या जहाजाच्या कथेवरून कळतें. शंभर तोफांचें हें इंग्रजी लढाऊ जहाज १७८२ च्या ऑगस्टमध्यें पोर्टस्मथपुढें नांगरलेलें होतें. उजव्या कुशीस पाण्याच्या रेषेखालीं एका नळाची दुरुस्ती करावयाची होती. काम अगदीं किरकोळ. २९ तारखेस सकाळीं तोफा सरकवून जहाज डावीकडे कलतें केलें. त्याच वेळीं त्याच कललेल्या बाजूनें दारूचीं पिंपें चढविण्याचें काम चाललें होतें, व तोफांच्या खिडक्या उघड्या होत्या. पाहतां पाहतां जहाज कलंडलें व कांहीं मिनिटांत तळास गेलें. सरदार केंपनफेल्ट आपल्या खोलींतच बुडाले. बंदरांत असल्यामुळें खलाशांस भेटावयास त्यांच्या बायका व मुलें आलेलीं होतीं. आठशेंहून अधिक जीव गेले. चौकशींत लांकूड कुजून सांगाडा फुटला असा निर्णय झाला. खिडक्यांतून पाणी शिरलें असें इतर म्हणतात. दोहोंपैकीं कोणतेंही खरें धरलें तरी, वादळ नव्हतें, लढाई नव्हती, आणि किनारा समोर दिसत होता.

या घटनेच्या एकवीस वर्षें आधीं, १७६१ सालीं, इंग्रजी आरमारानें 'अलार्म' नांवाच्या जहाजाच्या बुडास तांब्याचा पातळ पत्रा मारून पाहिला होता. जहाज वेस्ट इंडीज बेटांकडे, म्हणजे किड्याच्या माहेरींच, धाडलें. परत आल्यावर पाहतात तों पत्र्याखालीं लांकडास एकही छिद्र नाहीं, व शेवाळही नाममात्र. परंतु दुसरेंच संकट उभें राहिलें. पत्रा व फळ्या धरून ठेवणारे लोखंडी खिळे ठिकठिकाणीं गंजून चिखलासारखे झाले होते. कांहीं खिळे मात्र शाबूत होते. आणि शोध घेतां असें आढळलें कीं, पत्रे ज्या तपकिरी कागदांत गुंडाळून आले होते तो कागद त्या जागीं चुकून काढावयाचा राहिला होता. कागदामुळें तांबें व लोखंड यांचा स्पर्श झाला नव्हता.

आमच्या प्रयोगशाळेंत जस्त व तांबें यांच्या पट्ट्या आम्लांत बुडवून तारेनें जोडण्याचा प्रयोग वरच्या वर्गांतील मुलांनीं केला आहे. वीज वाहते व जस्त झिजतें, तांबें झिजत नाहीं. समुद्राचें खारें पाणी तेथील आम्लाचें काम करतें. आणि दोन भिन्न धातु त्यांत एकमेकांस लागले कीं जहाजाचें बूड हाच एक प्रचंड घट बनतो. त्यांत लोखंडाचा बळी पडतो. व्होल्टाचा घट १८०० सालचा. तेव्हां 'अलार्म'वरील सुतारांस ही उपपत्ति ठाऊक असणें शक्य नव्हतें. म्हणूनच पुढें सर्व आरमारास तांबें मारण्याची घाई झाली तेव्हां खिळे पत्र्याआड गुपचूप गंजत राहिले. लोखंडाच्या जागीं तांब्याच्या मिश्रधातूचे खिळे सर्रास येईपर्यंत हा धोका टळला नाहीं.

मग तांबेंच झिजूं नये म्हणून कांहीं करतां येईल काय? सर हंफ्रे डेव्ही यांनीं १८२४ सालीं याचें उत्तर शोधून काढलें. तांब्याच्या पत्र्यास जस्ताचे किंवा लोखंडाचे लहान तुकडे जोडले कीं झीज ते आपल्यावर घेतात व तांबें शाबूत राहतें. प्रयोग पूर्ण यशस्वी झाला. आणि यशस्वी झाला म्हणूनच फसला. जहाजें सफरीहून परतलीं तेव्हां तांबें कोरें होतें, पण त्यावर शेवाळ व बार्नॅकल यांचें रान माजलें होतें. तांबें थोडें थोडें विरघळून पाण्यांत जातें, तेंच त्या जीवांस विष होतें. विरघळणें थांबलें कीं विषही थांबलें. विज्ञानाच्या इतिहासांत याहून बोधप्रद अपयश आम्हांस तरी आठवत नाहीं. डेव्हींचें तत्त्व मात्र वायां गेलें नाहीं. आज पोलादी जहाजांच्या बुडास व यंत्राच्या पंख्याच्या दांड्यास ज्या जस्ताच्या वड्या लावतात, त्या याच तत्त्वावर. वडी अर्धी झिजली कीं बदलावी, आणि तिच्यावर रंग कधींही देऊं नये. वडी झिजलेली पाहून मालकानें समाधान मानावें. ती वर्षभर जशीच्या तशी राहिली तर तिची जोडणी तुटली आहे असें समजावें.

खिळाच नसेल तर? पूर्वीं अरबी समुद्रांत फळ्या काथ्यानें शिवून गलबतें करीत. अजिंठ्याच्या एका चित्रावरून घडविलेलें 'कौंडिण्य' हें तसलेंच शिवलेलें जहाज गोव्यांत तयार होऊन २०२५ सालीं कारवार येथें आपल्या नौदलांत दाखल झालें. तेथें गंजाचा प्रश्न नाहीं, परंतु काथ्या कुजतो; म्हणून अशीं गलबतें ठराविक काळानें उसवून पुन्हां शिवावीं लागत.

हल्लीं किनाऱ्यावरील बहुतेक नव्या होड्या कांचतंतूंच्या असतात. कांचतंतूस टेरेडो लागत नाहीं. गोव्यांत दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेंतून दिलीप दोंदे यांनीं २००९-१० मध्यें व अभिलाष टॉमी यांनीं २०१२-१३ मध्यें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. टॉमी तर वाटेंत कोठेंही थांबले नाहींत. पण बार्नॅकल कांचतंतूसही सोडीत नाहीं, आणि वर्षानुवर्षें पाणी मुरून अशा बुडावर फोड येतात, ते फोडून, महिनाभर वाळवून भरावे लागतात.

बार्नॅकलसाठीं विषारी रंग आले. कथिलापासून केलेला एक रंग इतका परिणामकारक ठरला कीं १९७० नंतर जगभर त्याचा प्रसार झाला. लवकरच फ्रान्समध्यें आर्काशों उपसागरांतील कालवांचीं कवचें वेडींवांकडीं होऊं लागलीं व तेथील कालवांचा धंदा बसला. शंखांच्या कांहीं जातींत माद्यांस नरांचीं इंद्रियें फुटूं लागलीं. फ्रान्सनें १९८२ सालीं लहान नौकांवर त्यास बंदी केली, व सर्व जहाजांसाठीं आंतरराष्ट्रीय बंदी २००८ सालीं अमलांत आली. आज पुन्हां बहुतेक रंगांत तांबेंच असतें. हे रंगही विषारीच आहेत. जुना रंग कोरडा घासूं नये, पाणी मारून घासावा, नाकातोंडावर फडकें बांधावें. आणि सुटीच्या दिवसांत बापाच्या मदतीस जाणाऱ्या लहान मुलांस हें एक काम देऊं नये, एवढें पालकांस आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

रंगाच्या गडबडींत बुडांतील तोट्या हटकून विसरल्या जातात. यंत्रास गार पाणी घेण्यासाठीं किंवा सांडपाणी सोडण्यासाठीं बुडास जीं भोंकें असतात त्यांवर या बसविलेल्या असतात. साध्या पितळेची तोटी खाऱ्या पाण्यांत आपल्यांतील जस्त गमावते. रंग गुलाबी होतो व धातु बिस्किटासारखी ठिसूळ होते. नखानें किंवा चाकूच्या टोंकानें खरवडून पाहावें. गुलाबी दिसली तर ती बदलावी. 'रॉयल जॉर्ज'चें काम असल्याच एका नळाचें होतें. जाणते नाविक प्रत्येक तोटीशेजारीं त्या मापाची मऊ लांकडाची निमुळती खुंटी दोरीनें बांधून ठेवतात. तोटी तुटलीच तर शोधीत बसावें लागूं नये.

लांकडी होडी पुन्हां पाण्यांत लोटली म्हणजे ती प्रथम झिरपतेच. उन्हानें आकसलेल्या फळ्या फुगून फटी मिटावयास एक दोन दिवस लागतात. म्हणून पहिल्या रात्रीं घरांतील एकानें होडींतच निजावें, मधून मधून उठून तळांत हात घालून पाणी किती आलें तें पाहावें, आणि उपसावें.